किलोमीटरमागे एक सेंट

निधी-सायकलस्वारी हा घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजण्याचा एक प्रकार आहे. फरक इतकाच, की या भाकऱ्या लष्करांनी घराबाहेर काढलेल्या मुलांसाठी असतात आणि त्या सायकलच्या सीटवर बसून भाजायच्या असतात. रीत अशी: स्वार आधी जाहीर करतो, की अमुक दिवशी तो अमुक किलोमीटर सायकल चालवणार. परिचितांनी त्याच्या होऊ घातलेल्या हालांकडे पाहून दर किलोमीटरला काही रक्कम कबूल करायची. स्वार सायकल चालवतो, पैसे संस्थेकडे जातात, संस्था युद्धाची झळ लागलेल्या मुलांसाठी काम करते. या साखळीत सायकलचे नेमके काम काय, हा प्रश्न व्याख्येच्या कक्षेत बसत नाही. तो पुढे स्वाराच्या बायकोने विचारलेला आहे.

मराठी वाचकाला ही कल्पना अगदीच परकी वाटू नये. नवस बोलणे, अनवाणी डोंगर चढणे, दंडवत घालत देवळापर्यंत जाणे, ही सगळी देह झिजवून पुण्य जोडण्याची जुनी साधने. नाशिकहून पंढरपूरला सायकलवारीसुद्धा निघते. मात्र नवसात कष्ट करणारा आणि फळ खाणारा एकच असतो, आणि मधला हिशेब देव ठेवतो. निधी-सायकलस्वारीत कष्ट एकाचे, पैसे दुसऱ्याचे, फळ तिसऱ्याला. आणि नेदरलँड्समध्ये हिशेब डच लोक ठेवतात. देवाकडे थोडीफार सूट मिळते, असे ऐकिवात आहे.

नेदरलँड्समध्ये या प्रकाराला एक मूलभूत अडचण आहे. देशाची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 80 लाख आणि सायकली सुमारे 2 कोटी 30 लाख. म्हणजे तान्ह्या बाळापासून अंथरुणाला खिळलेल्या आजोबांपर्यंत प्रत्येकाला एक सायकल देऊन वर पन्नास लाख उरतात. त्यांतल्या काही कालव्यांत जाऊन पडतात; एकट्या ॲमस्टरडॅमच्या कालव्यांतून दरवर्षी बारा ते पंधरा हजार सायकली गळ टाकून बाहेर काढाव्या लागतात. मार्क रुटे पंतप्रधान असताना सायकलवरून कचेरीत जात आणि त्याची बातमी फक्त परदेशांत होत असे. अशा देशात ‘मी मुलांसाठी सायकल चालवणार आहे’ असे जाहीर करणे म्हणजे पुण्यात ‘मी मुलांसाठी दुपारी एक ते चार झोपणार आहे’ असे जाहीर करण्यासारखे आहे. ॲमस्टेलवीनमध्ये राहणारा मराठी नोकरदार ही घोषणा कचेरीतल्या कॉफीच्या यंत्राजवळ करतो, तेव्हा होणारा संवाद साधारण असा असतो:

“कुठे जाणार आहेस?”

“सायकल चालवणार आहे. युद्धग्रस्त मुलांसाठी.”

“छान. पण कुठे?”

“कुठे असं नाही... चालवणार आहे.”

“ती तर तू रोज चालवतोस. रोज कोणासाठी चालवतोस?”

यात खवचटपणा नसतो. डच माणूस मनात आलेला प्रश्न तोंडात आणून ठेवतो, मधे कुठे थांबत नाही.

यावर उपाय एकच, अंतर वाढवणे. डच मोजमापात चाळीस किलोमीटर म्हणजे मावशीकडे जाणे, शंभर म्हणजे बरा रविवार, आणि कष्टांना सुरुवात होते ती दोनशेच्या पुढे. त्यामुळे अनेक स्वार आपल्या निधीची मोळी एखाद्या प्रसिद्ध लांब स्वारीला बांधतात. फ्रीसलँड प्रांतातल्या अकरा शहरांची सायकलफेरी ही अशांपैकी मोठी. पेन्टेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सोमवारी बोल्स्वार्ड गावातून पहाटे पाचपासून गटागटाने सुमारे पंधरा हजार लोक निघतात, अकरा शहरांतून जवळपास 235 किलोमीटर फिरतात, प्रत्येक ठिकाणी कार्डावर शिक्का मारून घेतात आणि पुन्हा बोल्स्वार्डलाच येतात. मूळ फेरी बर्फावरून स्केटिंग करत जाण्याची. पहिली 1909 ची आणि शेवटची 4 जानेवारी 1997 ची. त्यानंतर कालवे पुरेसे गोठलेच नाहीत. सायकलला बर्फ लागत नाही, त्यामुळे ही फेरी हवामानबदलाला पुरून उरली आहे. ‘शहर’ हा शब्द मात्र सैलपणे घ्यावा. त्यांतल्या स्लोटेन या शहराची लोकसंख्या हजाराच्या आत आहे. कोथरूडमधल्या एखाद्या मोठ्या सोसायटीची वार्षिक सभा, कोरम पूर्ण झाला तर, त्याहून मोठी भरेल.

ज्यांना सपाट कष्ट पुरत नाहीत ते डोंगर शोधतात, आणि इथे दुसरी अडचण उभी राहते. युरोपातल्या नेदरलँड्सचे सर्वोच्च ठिकाण फाल्सरबर्ख, उंची 322 मीटर. पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटरवर आहे, म्हणजे मंडईत उभा राहून मेथीची जुडी निवडणारा माणूस डच सर्वोच्च शिखराच्या कितीतरी वर असतो. डच लोकांनी यावर मार्ग काढला तो असा, की डोंगर दुसऱ्याच्या देशातला वापरायचा. 2006 पासून हजारो लोक फ्रान्समध्ये जाऊन आल्प ड्युएझ हा एकवीस वळणांचा घाट एकाच दिवसात सहा वेळांपर्यंत सायकलने चढतात आणि कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसे जमवतात. ‘झेस’ म्हणजे डच भाषेत सहा. घाटाच्या नावात तो अंक घुसवून उपक्रमाचे नाव ‘आल्प डूझेस’ ठेवले आहे. बोरघाट एका दिवसात सहा वेळा चढण्याची कल्पना आजवर कोणा पुणेकराला सुचली नाही. सुचली असती, तर ती घरातच हाणून पाडली गेली असती.

सायकल, युद्ध आणि मुले हे त्रिकूट मात्र या देशात कोणा जाहिरातवाल्याने जुळवलेले नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने डच लोकांच्या सायकली मोठ्या प्रमाणावर जप्त केल्या. डच माणूस पुष्कळ गोष्टी विसरतो, ही विसरला नाही. युद्ध संपून कित्येक दशके झाल्यावरही जर्मनीविरुद्धच्या फुटबॉल सामन्यात ‘आधी माझी सायकल परत द्या’ ही आरोळी हमखास ऐकू येई. 1944–45 च्या हिवाळ्यात पश्चिमेकडच्या शहरांत अन्न संपले आणि सुमारे वीस हजार माणसे दगावली. तेव्हा ज्यांच्याकडे सायकल उरली होती, ते टायरऐवजी लाकडी धाव किंवा बागेतला रबरी पाइप बसवून खेड्यांकडे निघत, चादरी आणि अंगठ्या देऊन बटाटे आणत. डच भाषेत याला ‘होंगरटोख्त’ म्हणतात, भूकफेरी. किलोमीटरमागे काही मिळण्याची सोय तिच्यात नव्हती. हजारो मुले उत्तरेकडच्या शेतकऱ्यांकडे धाडली गेली, त्यांतली बरीच याच फ्रीसलँडमध्ये. आर्नेमजवळच्या वेल्प गावी उपाशी हिवाळा काढलेली एक मुलगी पुढे ऑड्री हेपबर्न म्हणून हॉलिवूडला गेली आणि उतारवयात युनिसेफची सदिच्छादूत होऊन भुकेल्या मुलांसाठी देशोदेशी फिरली. (युद्धाने घराबाहेर काढलेल्या मुलांना आसरा देण्यात मराठी मुलुखाचाही वाटा आहे. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुले.)

आजच्या संस्थांपैकी ‘वॉर चाइल्ड’चा उगम बोस्नियाच्या युद्धातला. 1993 मध्ये बिल लीसन आणि डेव्हिड विल्सन या दोन ब्रिटिश चित्रपटकारांनी ती सुरू केली. वेढ्यातल्या सारायेव्होत नायजेल ऑस्बॉर्न नावाचे संगीतकार मुलांना जमवून गाणे-बजावणे करत होते. त्या कामाने प्रभावित होऊन विलेमाइन फर्लोप यांनी 1995 मध्ये नेदरलँड्सची शाखा उभी केली. तिच्या उपक्रमांपैकी ‘टीमअप’ हा सेव्ह द चिल्ड्रन आणि युनिसेफ नेदरलँड्स यांच्यासोबतचा. निर्वासितांच्या केंद्रांतल्या मुलांनी शब्दांविना एकत्र खेळायचे, एवढेच त्याचे सूत्र. सीरियाचे मूल, इरिट्रियाचे मूल आणि डच ताई यांना एकमेकांचे अवाक्षर कळत नसले तरी पकडापकडीत कोण बाद झाले हे तिघांनाही कळते. वाद घालायला भाषा लागत नाही, हे अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

आता स्वार. स्वार तीन प्रकारचा असतो, पण पहिले दोन व्यवस्थित सराव करून निघतात, वेळेवर पोहोचतात आणि म्हणून या नोंदीला निरुपयोगी आहेत. तिसरा प्रकार चाळिशीच्या आसपासचा, पोट आणि उत्साह एकाच वेळी वाढलेला. तो पुण्यात वाढलेला असतो आणि ‘पुणे हे सायकलींचं शहर होतं’ हे वाक्य तो अशा सुरात म्हणतो, की जणू त्या सगळ्या सायकली त्यानेच चालवल्या. प्रत्यक्षात दहावीनंतर त्याने स्कूटर घेतलेली असते. प्रस्तुत नोंदीच्या लेखकाचा समावेश याच प्रकारात करणे भाग आहे.

या स्वाराचे पहिले काम खरेदी. साधा डच माणूस कोटात, स्कर्टमध्ये, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन, हेल्मेटविना सायकल चालवतो. हेल्मेट घातलेला माणूस एकतर शर्यतीचा असतो किंवा पर्यटक. तिसऱ्या प्रकारच्या स्वाराला आपण पहिल्यांत मोडतो असे वाटते आणि लोकांना तो दुसऱ्यांतला वाटतो. हेल्मेट, गादी शिवलेली तंग चड्डी, बुटाला पेडलशी जखडणाऱ्या खिट्ट्या, किती दमला आहे हे सांगणारे घड्याळ आणि कार्बनची सायकल मिळून सुमारे दोन हजार युरो होतात. जमवायच्या निधीचे उद्दिष्ट सहाशे युरो असते.

बायको हा हिशेब भाजी चिरता चिरता करते. “एवढे पैसे सरळ त्या मुलांनाच पाठवले असते तर?”

या प्रश्नाला समाधानकारक उत्तर आजवर नोंदले गेलेले नाही. ‘जागृती होते’ असे एक उत्तर प्रचारात आहे. ते देताना स्वार बायकोच्या नजरेला नजर देत नाही.

निधी मागणे हा स्वारीचा सर्वांत चढाचा भाग. डच समाजाला वर्गणीची सवय मुळातच आहे. ठरलेल्या आठवड्यात ठरलेल्या संस्थेचे स्वयंसेवक कुलूपबंद डबा घेऊन दारोदार येतात. कोणत्या आठवड्यात कोणी यायचे याचे वर्षाचे वेळापत्रक असते, आणि गणपतीच्या वर्गणीसारखी तीन मंडळे एकाच संध्याकाळी येऊन धडकत नाहीत. पण देण्यापूर्वी डच माणूस एक प्रश्न विचारतोच: “स्ट्रेइकस्टॉकला किती चिकटतं?” धान्याचे माप सपाट करण्यासाठी वरून फिरवायच्या काठीचे हे नाव. काठीला चिकटलेले दाणे कोणाचे, या शंकेतून तो वाक्प्रचार आला. व्यवस्थापनाचा खर्च किती, असा त्याचा अर्थ. पिठाच्या गिरणीतून डबा परत आल्यावर ‘घट’ या शब्दाकडे ज्या नजरेने मराठी गृहिणी बघते, तीच ही नजर.

मराठी दात्यांची तऱ्हा निराळी. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर आवाहन टाकताच दहा मिनिटांत सत्तेचाळीस जोडलेले हात, अकरा अंगठे, एक फुलांचा गुच्छ आणि ‘अभिमान वाटतो’ असे चार संदेश जमा होतात. खात्यात शून्य. तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच गटावर वापरलेला मिक्सर विकायला काढतो आणि आवाहन वर सरकून दिसेनासे होते. पुण्याचे काका फोनवर विचारतात, “80-जी ची पावती मिळेल का?” संस्था नेदरलँड्सची आहे हे समजावल्यावर ते म्हणतात, “मग आमचे आशीर्वाद आहेतच.” आईची शंका वेगळीच असते. “सव्वादोनशे किलोमीटर? अरे, तिकडे बस मिळत नाही का?”

कॉफीच्या यंत्राजवळचा सहकारी मात्र शब्दाचा पक्का निघतो.

“किती किलोमीटर म्हणालास?”

“दोनशे पस्तीस.”

“उत्तम. मी किलोमीटरमागे एक सेंट देईन.”

स्वार मनातल्या मनात गुणाकार करतो. दोन युरो पस्तीस सेंट. कचेरीतून घरी जाताना तो हा गुणाकार तीन वेळा करतो, उत्तर वाढत नाही. तक्रारीला मात्र जागा नसते. सहकाऱ्याने दिलेला शब्द तो पाळणार आहे, आणि अभिमान वाटणाऱ्या चौघांनी तोही दिलेला नाही.

मग सराव. नेदरलँड्समध्ये सायकलवाटांच्या चौकांना क्रमांक दिलेले आहेत. ही पद्धत शेजारच्या बेल्जियममधल्या लिम्बुर्ग प्रांतात 1990 च्या दशकात एका खाण अभियंत्याला सुचली. कोळशाच्या खाणीतले बोगदे असेच क्रमांकांनी ओळखले जात. जमिनीखाली माणूस हरवू नये म्हणून काढलेली युक्ती जमिनीवर माणूस हरवण्यासाठी कशी वापरता येते, हे तिसऱ्या प्रकारचा स्वार दाखवून देतो. तो जाण्याच्या वाटेवरचे क्रमांक कागदाच्या पट्टीवर शाईने लिहून हँडलला चिकटवतो. अर्ध्या तासात पाऊस येतो. 17 चे 11 होते, 63 चा नुसता निळा डाग उरतो. शिवाय क्रमांक 99 च्या पुढे जात नाहीत, त्यामुळे तेच आकडे दुसऱ्या भागात पुन्हा सुरू होतात. 24 क्रमांकाच्या चौकावर पोहोचल्याचा आनंद, तो 24 दुसराच आहे हे कळेपर्यंत, चांगला चार किलोमीटर टिकतो. रस्त्याकडेला छत्रीसारख्या टोपीचे बुटके दिशादर्शक दगडही असतात, त्यांना डच भाषेत अळंबीच म्हणतात. ते वाचायला उकिडवे बसावे लागते, आणि गादीच्या चड्डीत उकिडवे बसलेला माणूस उठताना जो आवाज काढतो तो कोणत्याही भाषेत सारखाच असतो. हे दगड ज्या संघटनेचे, ती 1883 साली सायकलस्वारांनी स्थापन केली. आज तिचा मोठा लौकिक बंद पडलेल्या मोटारी रस्त्यात दुरुस्त करून देण्याबद्दल आहे. सायकलस्वारांनी तिथवर पाहून काय तो बोध घ्यावा.

सरावाला लय सापडते तेव्हा पूल उघडतो. हा अनुभव इतका नेमाने येतो, की त्याला नियम म्हणायला हरकत नाही. सलग वीस किलोमीटर उत्तम गती, श्वास लागलेला, घड्याळ प्रथमच कौतुक करते आहे. आणि समोर लाल दिवा, घंटा, रस्ता हळूहळू उभा राहून आकाशाला भिडतो. खालून शिडाची एक होडी जाते. होडीत दोन म्हातारे वाइनचे पेले हातात घेऊन बसलेले असतात आणि थांबलेल्या साठ लोकांना प्रेमाने हात करतात. काही ठिकाणी पूलवाला अजूनही काठीला लाकडी बूट बांधून होडीसमोर सोडतो आणि होडीवाले त्यात टोलाची नाणी टाकतात. तीन आठवडे समाजमाध्यमांवर आर्जवे करून एकशे ऐंशी युरोंपर्यंत पोहोचलेला स्वार त्या बुटाकडे विचारात पडल्यासारखा बघत राहतो.

पण या देशातला खरा घाट म्हणजे वारा. डोंगर नसल्याने त्याला अडवायला कोणी नाही, आणि तो कायम समोरून येतो, परतीच्या वाटेवरही. डच लोकांनी अडचणीचीच स्पर्धा करून टाकली आहे. 2013 पासून झीलँडमधल्या ओस्टरस्केल्डे धरणावर उलट्या वाऱ्यात सायकल चालवण्याची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा होते. अंतर साडेआठ किलोमीटर, सायकल साधी, गिअर नसलेली. तारीख आधी ठरत नाही; वादळी वाऱ्याचा अंदाज आला की थोडे दिवस आधी दवंडी पिटतात. शहाणी माणसे ज्या दिवशी घरात बसतात, तोच दिवस खास निवडून घेतलेली ही बहुधा एकमेव क्रीडास्पर्धा असावी. अशाच वाऱ्यात तिसऱ्या प्रकारचा स्वार हँडलवर आडवा पडून, दात आवळून, ताशी तेरा किलोमीटरने पुढे सरकत असतो. मागून घंटी वाजते. ताठ बसलेल्या, मागच्या थैल्यांत कोबी आणि मांजराचे खाद्य भरलेल्या एक आजी “सुप्रभात” म्हणून पुढे निघून जातात. त्यांची सायकल विजेची आहे हे ध्यानात येईपर्यंत स्वाराच्या आयुष्याचे काही मूलभूत प्रश्न त्याच्यासमोर उभे राहिलेले असतात.

आहाराबाबत थोडक्यात. डच स्वार मनुकांचे मऊ पाव, केळी आणि चीज-ब्रेड खातो आणि वर ‘कार्नेमेल्क’ पितो. हे चक्क ताक असते, हा शोध लागल्यावर मराठी स्वार गहिवरतो. पुढच्याच घोटाला त्यात मीठ, जिरे, हिंग, आले काही नाही हे कळून तो सावरतो. डिंकाचा लाडू चिकट जेलच्या पाकिटांपेक्षा केव्हाही सरस. चिवडा मात्र चालत्या सायकलवर खाऊ नये. समोरून वारा असताना तोंडाकडे नेलेली मूठभर चिवड्यातली फोडणी मागच्या स्वाराच्या डोळ्यांत जाते, आणि मिरचीला डच भाषेत काय म्हणतात हे त्या प्रसंगी शिकायला मिळते.

प्रत्यक्ष स्वारीच्या दिवशी पहाटे सगळे सुरळीत चालते. पहिले शिक्के पडतात. रस्त्याच्या कडेला गावोगावची माणसे खुर्च्या टाकून बसलेली असतात, मुले टाळी द्यायला हात पुढे करून उभी असतात. साधारण शंभराव्या किलोमीटरला तळहात सोडून बाकी सगळे दुखू लागते. पुढे, दोन गावांच्या मधे, जिथे गाईंखेरीज साक्षीदार नाही अशा ठिकाणी, मागचे चाक बसते.

पुण्यात असते तर चाक ढकलत कोपऱ्यापर्यंत जायचे. तिथे पाण्याचे घमेले, सोल्यूशनची ट्यूब आणि जगाबद्दल ठाम मते असलेला पंक्चरवाला बसलेला असतो. नेदरलँड्समध्ये पंक्चर ज्याचे त्याने काढायचे, अशी रीत आहे. स्वार पेशाने अभियंता. वेल्डहोव्हनच्या कारखान्यात बनणाऱ्या यंत्रांसाठी नॅनोमीटरच्या हिशेबात चुका शोधणे हे त्याचे पोटापाण्याचे काम. ट्यूबमधले डोळ्यांना दिसणारे भोक त्याला वीस मिनिटे सापडत नाही. सापडते तेव्हा कळते, की वॉल फ्रेंच पद्धतीचा आहे आणि पंप डच पद्धतीच्या वॉलचा. या देशात वॉलचे तीन प्रकार सुखाने नांदतात आणि स्वाराकडचा पंप नेहमी उरलेल्या दोहोंपैकी एकाचा असतो.

अशा वेळी शेताच्या फाटकातून साधारण दहा वर्षांची एक मुलगी येते. हा तपशील प्रत्येक स्वाराच्या हकिकतीत थोड्या फरकाने आढळतो. कुठे मुलगा असतो, कुठे सोबत कुत्रा.

“तुम्ही ते उलटं धरलंय,” ती म्हणते.

मग ती घरातून पितळेची छोटी खिट्टी आणते, वॉलवर बसवते, ट्यूब आत सरकवते, टायर अंगठ्यांनी रिमवर चढवते. एकंदर सात मिनिटे.

“तुम्ही एवढं लांब कशाला चाललाय?”

“मुलांना मदत करायला,” स्वार सांगतो.

ती एकदा त्याच्याकडे आणि एकदा चाकाकडे बघते. बोलत काही नाही. फ्रीसलँडची माणसे मितभाषी म्हणून प्रसिद्ध आहेत.

शेवटाची वर्णने सहसा ओल्या डोळ्यांची असतात. बऱ्याचदा ते वाऱ्यामुळे असते. बोल्स्वार्डला परत आल्यावर स्वाराला सायकलवरून उतरता येत नाही, त्याला उतरवून घेतात. कार्डावर शेवटचा शिक्का बसतो. घड्याळात अंतर 247 किलोमीटर दिसते, कारण दुपारी एकदा शौचालय शोधताना वाट चुकलेली असते. या वाढीव बारा किलोमीटरांचे काय, हे तो मंगळवारी सहकाऱ्याला विचारून पाहतो.

“आपलं दोनशे पस्तीसवर ठरलं होतं,” सहकारी म्हणतो. “चुकलास तू, माझा काय दोष?”

लगेच फोनवर पैसे मागण्याची चिठ्ठी धाडायला सांगतो. नेदरलँड्समध्ये दोघांत घेतलेल्या कॉफीचे अर्धे पैसेसुद्धा अशाच चिठ्ठीने मागतात, त्यामुळे दोन युरो पस्तीस सेंट मागताना कोणालाही संकोच होत नाही. स्वाराला होतो, पण तो मराठी आहे. चिठ्ठी जाते आणि चौथ्या सेकंदाला पैसे येतात. व्हॉट्सॲप गटावर शेवटच्या शिक्क्याचा फोटो पडताच पुन्हा जोडलेल्या हातांची रांग लागते, आणि या खेपेला त्यांच्यामागून, मिक्सर विकणाऱ्यासकट, पाच-सहा जण खरोखर पैसे पाठवतात. काकांनीही पाचशे रुपये बायकोच्या भावाकडे दिलेले असतात. ते युरोत करून नेदरलँड्सला कसे आणायचे यावर कुटुंबात चर्चा चालू राहते.

स्वाराच्या मुलीचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. तिच्या शाळेत त्याच सुमारास निधीसाठी धावण्याचा दिवस झालेला असतो; फेरीमागे एक युरो असे बाबांनी सहीनिशी कबूल केलेले असते. इतक्याशा पोरीच्या आठ फेऱ्या होतील, फार तर दहा, असा त्यांचा अंदाज. ती एकतीस फेऱ्या मारून येते आणि कागद पुढे करते. शिवाय बोल्स्वार्डला बाबांची वाट बघताना कंटाळा आला म्हणून तिने लोकांनी टाकलेले पेयांचे रिकामे डबे पिशवीत गोळा केलेले असतात. डब्यामागे पंधरा सेंट अनामत परत मिळते. सुपरमार्केटच्या यंत्रात ती एकेक डबा घालते, बाबा शेजारी भिंतीला टेकून उभे असतात, कारण बसता येत नाही. बासष्ट डबे, नऊ युरो तीस. ती पावती दोन्ही हातांत धरून वाचते आणि विचारते, “बाबा, हे तुमच्यात मिळवायचे का माझ्यात?”